फ्रान्समधल्या आपल्या नेहमीच्या कॅराव्हॅन साइटवर परत जाताना : आमची सगळी तयारी पहिल्यापासून

दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, सँ-सिप्रियँ गावापासून थोडं आत, अक्रोडाच्या बागांमध्ये एक छोटी साइट आहे आणि तिथं आम्ही आता सहाव्यांदा राहून आलो. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो, मूळचे सांगलीकडचे, कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर) सेकंडहँड घेतलेली. साइटचं नाव देत नाही कारण त्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, पण साइट नवरा-बायको आणि त्यांची मुलगी मिळून चालवतात, ऑफिस म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, आणि मादाम अजून बुकिंग मोठ्या रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहितात.

ओळखीतले मराठी लोक आता कॅराव्हॅन घ्यायला लागलेत आणि सगळे पहिल्या ट्रिपबद्दल विचारतात. पहिल्या ट्रिपची माहिती कुठंही मिळते हो, पण एकदा आवडलेल्या घरगुती साइटवर परत जायचं असेल तर त्याची तयारी थोडी वेगळी असते, हे आम्हाला दुसऱ्या वेळी कळलं. पहिल्या वर्षी आम्हाला नशिबाने मस्त पिच (कॅराव्हॅन लावायची जागा) मिळालं होतं, दुपारनंतर सावली, पाणी जवळ, मुलांच्या खेळायच्या जागेवर थेट नजर. दुसऱ्या वर्षी आम्ही नुसतं "आम्ही परत येतोय" एवढंच कळवलं आणि पोचलो तर लिंडनच्या झाडाखालचं पिच, गाडीवर दिवसभर चिकट थेंब पडतायत, विजेचा खांब लांब त्यामुळे आमची २५ मीटरची केबल पुरेना, आणि संध्याकाळी सातपर्यंत ऊन ऑनिंगच्या (कॅराव्हॅनच्या दारापुढे जोडायच्या तंबूच्या) तोंडावर. चूक मादामची नव्हती, आधीचं पिच कितवं होतं आणि आम्हाला ते का आवडलं होतं हे आम्हीच सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला नंबर आठवतही नव्हता.

म्हणून सुरुवात वहीपासून करा.

वही ठेवा, आणि ती निघायच्या आदल्या दिवशीच लिहा

परतीच्या प्रवासाची तयारी आधीच्या ट्रिपच्या शेवटच्या संध्याकाळी सुरू होते. घरी आल्यावर लिहू म्हटलं की राहतंच, मी अनुभवाने सांगते. आमच्या वहीत एका पानावर पिच नंबर, ऊन कुठून कुठं फिरतं, सावली किती वाजता येते, जमीन कोणत्या बाजूला उतरती आहे (आमच्या पिचवर डाव्या चाकाखाली रॅम्प लागतोच), विजेच्या खांबापर्यंत केबल किती लागली, सॉकेट कुठल्या प्रकारचं, ६ अँपिअर की १०, नळ आणि टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) रिकामी करायची जागा किती लांब, हे सगळं लिहिलेलं असतं. शेजारची पिचेस पण फिरून बघा आणि अजून दोन नंबर लिहून ठेवा, कारण पहिलं गेलेलं असू शकतं.

एक बारीक गोष्ट जी आम्हाला तिसऱ्या वर्षी लक्षात आली. ब्रिटिश कॅराव्हॅनचं दार डाव्या बाजूला असतं आणि युरोपातल्या कॅराव्हॅनचं उजव्या बाजूला. त्यामुळे शेजारी डच किंवा जर्मन कॅराव्हॅन असली आणि दोघांनी एकाच दिशेने लावली तर कधी दोघांची दारं समोरासमोर येतात, कधी दोघांच्या पाठी एकमेकींना, आणि तुमची ऑनिंग कुंपणाकडे उघडते. तेव्हा पिच आवडलं तरी आपल्या दाराच्या बाजूने ते कसं बसतं ते वहीत एक साधं चित्र काढून ठेवा.

साइट तीच आहे ना, हे आधी बघा

मधे दोन-तीन वर्षं गेली असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. घरगुती साइट्स म्हातारपणी विकल्या जातात, मोठ्या कंपन्या घेतात, मग अर्ध्या पिचेसवर मोबाइल होम्स येतात, पाण्याच्या घसरगुंड्या येतात, नाव तेच राहतं पण आपण ज्यासाठी जातो ते राहत नाही. आम्ही दरवर्षी जानेवारीत तीन गोष्टी बघतो : मालक तेच आहेत का, साध्या पिचेसची संख्या तेवढीच आहे का, आणि उघडायची-बंद करायची तारीख. छोट्या साइट्स बऱ्याचदा एप्रिल-मे ते सप्टेंबर एवढ्याच चालू असतात, ऑक्टोबर हाफ-टर्मच्या सुट्टीला जायचं म्हणाल तर बंद.

फ्रान्समध्ये साइटला १ ते ५ तारे मिळतात, पण घरगुती साइटच्या बाबतीत मी त्याकडे फार बघत नाही. तारे सोयींना मिळतात. आमच्या साइटला कमी तारे आहेत आणि बाथरूम्स दिवसातून दोनदा मादाम स्वतः धुतात. शेतावरच्या साइट्सना 'कॅम्पिंग आ ला फेर्म' म्हणतात आणि अगदी साध्या, नैसर्गिक जागेवरच्या साइटला 'एर नात्युरेल', शोधताना हे शब्द उपयोगी पडतात.

बुकिंगची ईमेल कशी लिहायची

फ्रेंचमध्येच लिहा, भाषांतर करणारं अॅप वापरलं तरी चालेल, वाक्यं छोटी ठेवा म्हणजे अर्थ बिघडत नाही. पहिलं वाक्य 'बोंज्यूर मादाम', कामाचं नंतर. मग आम्ही अमुक वर्षी अमुक पिचवर होतो, दोन मुलं, निळी ऑनिंग अशी एखादी खूण, म्हणजे त्यांना चेहरा आठवतो. मग तारखा, माणसं किती आणि मुलांची वयं, कॅराव्हॅनची लांबी गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट, ऑनिंग आहे की नाही, वीज किती अँपिअर पाहिजे, पिचचे तीन नंबर पसंतीच्या क्रमाने. शेवटी पिच का आवडलं ते एका ओळीत. ही शेवटची ओळ मी मनापासून सांगते आहे, गाळू नका, कारण ते पिच नसेल तर त्याच गुणाचं दुसरं कोणतं हे मालकांनाच सगळ्यात चांगलं कळतं.

पैशांबद्दल दोन फ्रेंच शब्द माहिती पाहिजेत. अॅडव्हान्सला 'आर्ह' म्हटलं असेल तर आपण रद्द केलं तर ते पैसे गेले आणि विषय संपला, त्यांनी रद्द केलं तर त्यांनी दुप्पट परत द्यायचे. 'आकोंत' म्हटलं असेल तर तो पक्का करार झाला, रद्द केलं तर उरलेली रक्कमही मागू शकतात. ईमेलमध्ये कोणता शब्द आहे तो नीट वाचा. किमतीत साधारण पिच, दोन माणसं आणि एक गाडी धरलेली असते, वीज बऱ्याच ठिकाणी वेगळी, आणि वर माणशी दर रात्रीचा 'ताक्स द सेजूर' म्हणजे पर्यटन कर, तो १८ वर्षांखालच्यांना नसतो.

तारखा ठरवताना शाळांच्या सुट्टीमुळे आपला इलाज नसतो हे मला माहितीय, पण १४ जुलै ते १५ ऑगस्ट हा सगळ्यात गर्दीचा आणि महाग काळ. मुलं लहान असताना आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, तेव्हा मादामकडे बोलायला वेळ होता, स्ट्रॉबेऱ्या होत्या आणि नदीवर आम्हीच. शाळेत न जाणारी मुलं असतील किंवा मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील तर जून नाहीतर सप्टेंबरच धरा.

पासपोर्ट आणि व्हिसा

आपल्याकडे एकाच घरात दोन प्रकारचे पासपोर्ट असतात त्यामुळे हे नीट बघायला लागतं. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर शेंगेनमध्ये (फ्रान्ससकट एकाच व्हिसाच्या युरोपीय देशांमध्ये) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी १० वर्षांपेक्षा जुना नसावा आणि परत निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू असावा. जुन्या ब्रिटिश पासपोर्टांवर कधीकधी १० वर्षांपेक्षा जास्त मुदत छापलेली असते, म्हणून १० वर्षं मोजताना मुदत नाही, पासपोर्ट दिल्याची तारीख बघा.

भारतीय पासपोर्ट असेल तर इंग्लंडमध्ये कितीही वर्षं राहत असलात तरी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत म्हणून मार्चमध्येच मागे लागा. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि राहण्याचा पुरावा म्हणून साइटचं पत्र. इथं ओळखीचा उपयोग होतो. मादामला सांगितलं की प्रत्येकाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, तारखा, साइटचा पत्ता आणि सही-शिक्का असलेलं पत्र पाहिजे, तर त्या दोन दिवसांत पाठवतात. नुसती ईमेलची प्रिंट लावण्यापेक्षा असं पत्र लावलेलं बरं.

आई-बाबा सांगलीहून येणार असतील तर त्यांना इंग्लंडचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन वेगळा, आणि शेंगेन भारतातूनच काढून येऊ दे, इथं व्हिजिटर म्हणून आल्यावर काढू म्हणाल तर अडकाल. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी चांगला नियम आलाय, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल-एंट्री मिळू शकतो, त्यामुळे त्यांचे जुने पासपोर्ट टाकून देऊ नका.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची सीमेवरच्या नोंदणीची पद्धत सुरू झालीय, शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो. १२ वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो. डोव्हर आणि फोकस्टोनला फ्रेंच तपासणी इंग्लंडच्या बाजूलाच होते, म्हणून पहिल्या वेळी हाताशी जास्त वेळ ठेवा. एनएचएसचं जीएचआयसी कार्ड (युरोपात सरकारी उपचारांसाठी चालणारं) फुकट मिळतं, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खरी नाही.

कॅराव्हॅन आणि गाडी

१६ डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या बी लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचं ट्रेलर ओढता येतं, त्यामुळे वेगळी परीक्षा नाही. पण परीक्षा नाही म्हणजे वजन बघायचं नाही असं नाही. कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवावं असं नवीन लोकांना सांगतात आणि ते योग्य आहे. टो-बॉलवर (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर) पडणारं वजन कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, गाडीच्या मर्यादेत. मागच्या बाजूला जड सामान भरलं की कॅराव्हॅन शेपटी हलवायला लागते, आणि आपण लोक तांदळाची गोणी, डाळी, कुकर, तवा सगळं मागच्या बेडखाली कोंबतो. जड सगळं चाकांच्या वर, खाली, मधोमध.

टायरवर खोबणी दिसत असली तरी वय बघा, कॅराव्हॅनचे टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात, ५ ते ७ वर्षांत बदलायला लागतात. चौथ्या ट्रिपला निघायच्या आधी आम्ही एका गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून घेतलं होतं आणि त्यांनी टायर ठीक म्हटलं, रूआँच्या पुढं एक टायर फाटला, बाजूला बनवल्याचा आठवडा-वर्ष छापलेला असतो तो नंतर वाचला तर ९ वर्षांचा निघाला. तेव्हापासून ते चार आकडे मी स्वतः वाचते, शेवटचे दोन म्हणजे वर्ष.

फ्रान्ससाठी गाडीत लागणाऱ्या वस्तू : त्रिकोण, चमकणारी जॅकेट्स (डिकीत नाही, सीटपाशी हाताला येतील अशी), हेडलाइटचे स्टिकर, यूके अक्षरांचा स्टिकर. जुना जीबीवाला २८ सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. सॅटनॅव्हमधली स्पीड कॅमेऱ्याची सूचना बंद करा, फ्रान्समध्ये ती बेकायदा आहे.

गॅसचं काय, तर इंग्लंडचा सिलिंडर तिथं बदलून मिळत नाही. पुरेल एवढा भरलेला न्या, किंवा निळ्या कॅम्पिंगगॅझचं कनेक्शन बसवून घ्या, तो सगळीकडे मिळतो. आपलं जेवण गॅसवर जास्त शिजतं, दोन आठवड्यांचा अंदाज घरी काढून ठेवा.

खाण्याचं सामान : काय नेता येत नाही

हे वाचाच, कारण दरवर्षी कुणीतरी तूप जप्त करून घेतं. ब्रिटनमधून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे दूध, दही, पनीर, तूप, पेढे, बर्फी, चहासाठी घेतलेली दूध पावडरसुद्धा. ताजी भाजी-फळं पण सर्टिफिकेटशिवाय नाहीत, त्यामुळे हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, कोथिंबीर, मेथी घरी ठेवा. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ ही पाच फळं मात्र चालतात, त्यामुळे आमचा एक नारळ दरवर्षी जातो आणि पहिल्या दिवशी पोचल्यावर कॅराव्हॅनपुढे फोडतो, मादामच्या घरात आता सगळ्यांना खोबऱ्याच्या तुकड्याची सवय झालीय.

न्यायचं ते कोरडं : तांदूळ, डाळी, पोहे, गोडा मसाला, चटण्या, लोणचं. तेलावरच पहिले दोन दिवस काढा, तिथलं लोणी एवढं चांगलं आहे की ते आणून कॅराव्हॅनमध्येच तूप कढवा, आम्ही तेच करतो.

परत येताना पण बघा, १२ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि चीजसकट दुधाचे पदार्थ आणायला मनाई केली होती, निघायच्या आधी चालू नियम सरकारी पानावर वाचून घ्या. अक्रोडाचं तेल आणि जॅम आणा.

प्रवास

ल शटलने (समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणाऱ्या ट्रेनने) फोकस्टोन ते कॅले ३५ मिनिटं, डोव्हरहून फेरीने साधारण दीड तास. एलपीजीवर चालणारी गाडी शटलवर घेत नाहीत, स्वयंपाकाचा सिलिंडर चालतो पण बंद केलेला पाहिजे. पोर्ट्समथहून काँला (Caen) जाणारी फेरी जास्त वेळ घेते पण फ्रान्समधलं ड्रायव्हिंग बरंच वाचतं, एकटाच ड्रायव्हर असेल तर मी तीच सुचवीन.

कॅलेहून आमच्या साइटपर्यंत साधारण ८५० किलोमीटर. आम्ही ए१६ आणि ए२८ ने रूआँ, मग ड्रू आणि शार्त्रवरून ओर्लियाँ, तिथून ए७१ ने व्हिएर्झाँ, आणि पुढं ए२०. हा ए२० व्हिएर्झाँपासून ब्रीव्हपर्यंत फुकट आहे आणि रस्ता सुंदर. पॅरिस पूर्ण टाळलं जातं. कॅराव्हॅन घेऊन हे एका दिवसात करू नका, मधे ओर्लियाँच्या आसपास नगरपालिकेच्या साइटवर एक रात्र काढा, आणि हायवेच्या सर्व्हिस एरियात रात्री झोपू नका, चोऱ्या होतात.

टोलला मोटरवेवर कॅराव्हॅनसकट गाडी साधारण क्लास २ मध्ये जाते, कारण उंची २ ते ३ मीटरमध्ये येते. आपली ब्रिटिश गाडी उजव्या हाताची असल्यामुळे टोलचं मशीन शेजारच्या सीटच्या बाजूला येतं, म्हणून तिथं बसलेल्या माणसाने कार्ड हातात ठेवायचं. टॅग घेतला तर काच खाली करायचीच गरज नाही. नॉर्मंडीकडच्या ए१३ वर आता फाटकच नाही, कॅमेरा नंबर वाचतो आणि ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे, विसरलात तर दंड.

वेगाचं असं आहे की गाडी आणि कॅराव्हॅन मिळून परवानगीचं वजन ३.५ टनांच्या वर असेल तर मोटरवेवर ९०, त्याच्या खाली असेल तर साध्या गाडीची मर्यादा लागू होते, पण आम्ही तरीही ९०-९५ वरच जातो. दोन्ही मिळून लांबी ७ मीटरच्या वर गेली (म्हणजे जवळपास सगळ्यांचीच) तर तीन लेनच्या रस्त्यावर सगळ्यात डावी लेन वापरायची नाही, आणि गावाबाहेर पुढच्या मोठ्या वाहनापासून ५० मीटर अंतर. निघायचा दिवस ठरवताना 'बिझों फ्युते' ही सरकारी वाहतुकीची माहिती बघा, हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग असतात, आणि जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीचे काळे शनिवार तर घरीच बसा, मंगळवारी निघा.

मोटरवेवर गाडी बंद पडली तर आपल्या ब्रेकडाउन कंपनीला तिथं यायची परवानगी नसते. सगळ्यांना जॅकेट घालून रेलिंगच्या पलीकडे उभं करायचं आणि नारिंगी फोनवरून नाहीतर ११२ वर कळवायचं, मग अधिकृत टो ट्रक येतो. पावती नीट ठेवा, ते पैसे आपल्या इन्शुरन्सकडून मागता येतात. डिझेलला तिथं 'गॅझॉल' म्हणतात, आणि सुपरमार्केटचा पंप स्वस्त असला तरी आत शिरायच्या आधी वरचा आडवा बार बघा.

पोचल्यावर

बारा ते दोन ऑफिस बंद, जेवणाची वेळ. ही वेळ टाळून दोननंतर पोचा. फाटकापाशी गाडी लावा, आत जा, आधी बोंज्यूर म्हणा, हात मिळवा, घरच्यांची चौकशी करा, मग बुकिंगचं बोला. आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर आपण पाणी पिऊन मग कामाचं बोलतो तसंच आहे. आम्ही मुसियसाठी, म्हणजे मादामच्या नवऱ्यासाठी, सांगलीचं भडंग नेतो, त्यात दुधाचं काही नसतं. माझ्या माहेरी तासगावला द्राक्षबाग आहे आणि मुसियचा भाऊ बेर्जराककडे वाइनची द्राक्षं लावतो, तर आमचं दरवर्षी छाटणीवर बोलणं होतं, मी फोनवर मांडव दाखवते आणि ते म्हणतात एवढ्या उंच वेली कशासाठी.

कॅराव्हॅन लावताना आधी पूर्ण पिचभर चालून बघा, मागच्या वर्षीपेक्षा फांदी खाली आलीय का, नवीन खुंटी आहे का. मग क्रम असा : डावी-उजवी पातळी चाकाखाली रॅम्प घालून, हँडब्रेक, गाडीपासून सोडवा, पुढं-मागं पातळी जॉकी व्हीलने (पुढच्या छोट्या चाकाने), आणि सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवा. त्या पायांनी कॅराव्हॅन उचलायची नाही, ते फक्त डगमगू नये म्हणून असतात. पातळी बिघडली तर गॅसवर चालणारा फ्रिज नीट गार करत नाही.

वीज जोडताना केबलचं टोक आधी कॅराव्हॅनला, मग खांबाला, आणि केबल रीळावरून पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली ठेवली तर तापते. जुन्या साइट्सवर निळ्या तीन पिनच्या सॉकेटऐवजी फ्रेंच घरगुती सॉकेट असतं, त्याचा अॅडॅप्टर न्या. आणि एक स्वस्तातला टेस्टर न्या, कारण तिथं कधीकधी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, बटण बंद केलं तरी आत करंट राहतो. उलटं दाखवलं तर उलट्या जोडणीचा छोटा अॅडॅप्टर मधे लावायचा, आमचा त्यावर लाल टेप गुंडाळलेला आहे.

६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १३८० वॉट. घरची किटली लावली की फ्यूज गेला, आणि बऱ्याचदा तो बॉक्स मालकांकडेच उघडतो म्हणजे रात्री मुसियना उठवायला लागतं. कमी वॉटची किटली घ्या आणि ती चालू असताना दुसरं काही नको. नळावर 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते प्यायचं पाणी नाही.

तिथं राहताना

ब्रेडची ऑर्डर आदल्या संध्याकाळी द्यायची, सकाळी आठला गरम बॅगेट (लांब फ्रेंच पाव) आणि क्रोसाँ ऑफिसात मिळतात. रात्री दहानंतर शांतता, गाड्या बंद. फोडणी बाहेर ऑनिंगच्या तोंडाशी द्या, वाऱ्याची दिशा बघून, आणि कुकर सकाळी आठच्या आत लावू नका. आमच्या शेजारच्या आजोबांना मसाल्याचा वास आवडतो म्हणून ते खुर्ची घेऊन येऊन बसतात पण सगळेच तसे नसतात. कोळशाच्या शेगडीला दुष्काळात प्रशासन बंदी घालतं, विचारल्याशिवाय पेटवायची नाही.

पूलसाठी पुरुषांना आणि मुलांना अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते, गुडघ्यापर्यंतच्या सैल शॉर्ट्स बहुतेक पूल्सवर चालत नाहीत, टीशर्ट-लेगिंग्जही नाही. आई-मावशी बरोबर असतील तर त्यांना आधी सांगा, तिथं गेल्यावर हिरमोड नको.

शाकाहारी असाल तर पेरिगोर, म्हणजे हाच भाग, बदकांचा प्रदेश आहे हे लक्षात ठेवा. सार्ला गावची प्रसिद्ध बटाट्याची भाजी दिसायला आपल्या काचऱ्यांसारखी, पण ती बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परतलेली असते, आणि पेरिगोरच्या सॅलडमध्ये बदकाचे तुकडे. 'साँ व्हियांद' म्हणजे बिनमांसाचं, पण चरबीचं वेगळं विचारायला लागतं, 'साँ ग्रेस द कनार'. त्यापेक्षा बाजार करा : सार्लाचा बुधवार-शनिवार, ल ब्यूगचा मंगळवार, सँ-सिप्रियँचा रविवार सकाळ. रविवारी दुपारी आणि सोमवारी बरंच बंद असतं.

परत परत जाण्याचा फायदा हा की सगळं एकदाच उरकायची घाई नसते. आम्ही दर वर्षी एकच मोठी गोष्ट ठेवतो. लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९६३ पासून बंद आहे, मोंतिन्याकला २०१६ मध्ये उघडलेली तिची पूर्ण प्रतिकृती एका वर्षी बघितली, उन्हाळ्यात तिकीट आधी काढा. पुढच्या वर्षी रूफिन्याक, तिथं विजेच्या छोट्या गाडीतून खऱ्या गुहेत आत नेतात आणि भिंतीवर मॅमथ. एका वर्षी नदीत कनू (वल्ह्याची छोटी होडी), ला रोक-गाजाकवरून बेनाकच्या किल्ल्याखाली. बाकीचे दिवस अक्रोडाखाली पुस्तक घेऊन.

जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर उकडून संध्याकाळी वादळ येतं, कधी गाराही. मुसिय आकाशाकडे बघून सांगतात, आणि ते म्हणाले की ऑनिंग उतरवा किंवा पट्ट्यांनी बांधा, फोनवरच्या हवामानाची वाट बघू नका.

निघताना

आदल्या संध्याकाळी बिल चुकतं करा, सकाळी घाई असते. ऑनिंग सुकलेली असतानाच गुंडाळा, ओली गेली तर आठवड्यात बुरशी. कॅसेट आणि वापरलेलं पाणी ठरलेल्या जागीच रिकामं करा, पिचवर एक खिळा राहू देऊ नका, गवत कापायच्या मशिनात जातो. दुपारी बारापर्यंत पिच सोडायचं असतं.

आणि बिल देतानाच पुढच्या वर्षाच्या तारखा सांगा, पक्क्या नसल्या तरी. मादाम रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने आमचं नाव आणि ३१ हा पिचचा आकडा लिहितात, मग मी माझ्या वहीत तेच लिहिते, या वर्षी शेजारी २९ पण लिहिलंय कारण ३१ वरचं जुनं झाड हिवाळ्यात कापायला लागेल असं मुसिय म्हणत होते, जानेवारीत आधी तेच विचारणार आहे.